उभ्या दोरीवरची मस्की : व्हर्टिकल जिगिंग शिकताना

मालवणकडे गळाने मासे पकडण्याला आम्ही 'गरवणं' म्हणतो. होडी उभी करायची, शिसं बांधलेली गरी कडेवरून सरळ खाली सोडायची, तळ लागला की वीतभर उचलायची आणि दोरी तर्जनीवर घेऊन बसायचं. रॉड नाही, रील नाही. माझ्या मामाला त्या दोरीवरून खाली वाळू आहे की खडक तेसुद्धा कळायचं. माझ्या बोटावर नुसते वळ उठायचे.

मिशिगनला नोकरीसाठी आल्यावर मस्कीच्या, म्हणजे इथल्या गोड्या पाण्यातल्या एका मोठ्या शिकारी माशाच्या, नादाला लागलो. पहिले दोन हंगाम सगळे करतात तसं भलंमोठं आमिष लांब फेकून ओढत राहिलो. दोन हंगामांत मासा एक. या माशाला इथे 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात, त्यामुळे एक मिळाला हेच नशीब असं स्वतःला समजावत होतो. मग एका ऑक्टोबरअखेर डेट्रॉइट नदीवर शेजारच्या होडीतला एक म्हातारा बराच वेळ माझी फेकाफेक बघून म्हणाला, "इथे फेकू नकोस, खाली सोड." त्याने रॉडचं टोक पाण्याजवळ नेऊन दाखवलं आणि मला मामाची गरी आठवली.

हा लेख त्या 'खाली सोडण्या'बद्दल आहे. यालाच व्हर्टिकल जिगिंग म्हणतात : जड आमिष, म्हणजे जिग, होडीखाली सरळ सोडून वरखाली करायचं. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. मस्की आमिष बहुतेक वेळा ते वर जाताना घेत नाही, खाली पडताना घेते. वजन, रॉड, मोटर, होडीची दिशा ही सगळी उठाठेव त्या पडण्यावर ताबा राहावा म्हणून करायची.

मासा कोणता, कुठे आणि कधी

मस्की, म्हणजे मस्केलंज, ही मूळची उत्तर अमेरिकेची. ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स, मिसिसिपीचा वरचा भाग आणि ओहायो नदीचं खोरं हे तिचं घर. विस्कॉन्सिनने १९५५ साली तिला राज्याचा मासा केलं. नॉर्दर्न पाइक तिची चुलतबहीण, आणि नवख्याची दोघींत हमखास गल्लत होते. फिकट अंगावर गडद पट्टे किंवा ठिपके असले तर मस्की, गडद अंगावर फिकट ठिपके असले तर पाइक. तरी शंका उरली तर खालच्या जबड्याखालची बारीक छिद्रं मोजा. एका बाजूला सहा ते नऊ असली तर मस्की, पाच किंवा कमी असली तर पाइक. हे मोजणं मासा जाळ्यात, पाण्यातच ठेवून होतं. काही पाण्यांत अंगावर पट्टे-ठिपके नसलेल्या मस्कीही मिळतात, तेव्हा ही छिद्रंच उपयोगी पडतात.

उभी गरी वर्षभर चालते असं म्हणणारे आहेत. माझं मत वेगळं आहे. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १० अंश सेल्सिअसच्या खाली आलं की हिचा खरा मोसम सुरू होतो. उन्हाळ्यात मस्की गवताच्या कडेला हिंडते, आमिषामागे धावते आणि फेकून ओढलेलं घेते. गारठ्यात तिचा अंगचा वेग उतरतो. गिझार्ड शॅडसारखे लहान मासे खोल, संथ पाण्यात गोळा होतात आणि मस्की त्यांच्या आसपास तळाजवळ ठिय्या देते. तिथे वीस फुटांवरून सरसर गेलेल्या आमिषासाठी ती उठत नाही. नाकासमोर वरखाली होणारं काहीतरी मात्र सोडवत नाही.

डेट्रॉइट नदी यासाठी घडवल्यासारखी आहे. सेंट क्लेअर सरोवर उथळ, सरासरी खोली जेमतेम अकरा फूट. त्याचं पाणी या नदीतून लेक ईरीकडे जातं. नदी खोल, प्रवाह वाहता, आणि जहाजांसाठी खणलेल्या वाटेच्या कडा उभ्या. प्रवाह जिथे अडतो किंवा मंदावतो त्या जागा शोधा : बेटाचं खालचं टोक, नदीच्या वळणाची आतली बाजू, खोल डोहाची वरच्या अंगाची कड, पुलाच्या खांबामागची सावली. सरोवरात असाल तर खोल पाण्यालगतचे तीव्र उतार आणि पाण्याखालचे उंचवटे बघा. केंटकीतल्या केव्ह रन लेकसारख्या दक्षिणेकडच्या धरणांत हाच खेळ हिवाळाभर चालतो. गवतात मात्र उभी गरी सोडू नका, दर उचलीला हिरवा पालाच वर येईल.

सामान : थोडंच, पण दांडगं

फेकण्यासाठी लोक नऊ-दहा फुटांपर्यंतचे रॉड वापरतात. इथे सात ते साडेसात फुटांचा, एक्स्ट्रा हेवी रॉड पुरतो. लांब रॉडने टोक होडीपासून दूर जातं आणि दिवसभरात खांदा बोलू लागतो. रील बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारी, फिरत्या फिरकीची), ३०० किंवा ४०० आकाराची. तिचा ड्रॅग, म्हणजे ओढ बसली की दोरी सुटू देणारा ब्रेक, जवळजवळ पूर्ण आवळलेला ठेवायचा.

दोरी ८० ते १०० पौंडांचा भार सोसणारी, विणलेली. नायलॉन ताणलं जातं आणि खालची चाहूल मध्येच विरते. विणलेली दोरी ताणत नाही, शिवाय ताकदीच्या मानाने बारीक असते, त्यामुळे प्रवाह तिला कमी ढकलतो. पुढे १०० ते १३० पौंड फ्लुरोकार्बनचा हातभर लीडर, म्हणजे दोरी आणि जिगमधला, दातांना दाद न देणारा तुकडा. हा लीडर चुकवून 'एकदा बघू तरी' म्हणणाऱ्याचं जिग दातांनी कापलं जातंच. आणि नुकसान जिगपुरतं नसतं : मस्की तोंडात तीन-तीन काट्यांचे गळ घेऊन पोहत राहते.

जिगमध्ये तीन जाती बघायला मिळतात. शेपटीला फिरतं पातं असलेली मऊ प्लास्टिकची जड आमिषं : यातलं बॉन्डी बेट याच नदीवर वाटाड्याचं काम करणाऱ्या जॉन बॉन्डी यांचं आणि या प्रकारात सगळ्यांत ओळखीचं. दुसरी मोठी ट्यूब, आत शिशाचं डोकं घातलेली. तिसरी धातूची चपटी पाती, वर उचलली की हातात थरथर जाणवते. शिकताना पहिलाच प्रकार घ्या. ते आडवं लटकतं आणि पडताना पातं फिरतं. गढूळ पाण्यातही मस्कीला तो कंप अंगावरच्या पार्श्वरेषेने कळतो.

वजनाचं गणित सोपं आहे : दोरी उभी ठेवता येईल इतकं जड, त्याहून जास्त नको. वीस-पंचवीस फुटांवर मध्यम प्रवाहात दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम पुरतं. याहून जड घेतलं की ते धोंड्यासारखं जातं आणि माशाला विचार करायला वेळच उरत नाही.

गळाची टोकं नखावर घासून बघा. घसरली तर कानस काढा. मस्कीचं तोंड हाडाचं आणि दातांनी भरलेलं असतं, बोथट गळ तिथे रुततच नाही.

पहिला तास उथळ पाण्यात

इथे बहुतेक जण घाई करतात, मीही केली होती. नदीवर जाण्याआधी धक्क्याच्या कडेला पाच-सहा फूट स्वच्छ पाण्यात जिग सोडा आणि डोळ्यांनी बघा.

आधी दोरी घट्ट धरून रॉड खाली आणा. जिग लंबकासारखं तुमच्याकडे झुलत येईल, पातं मेल्यासारखं. आता रॉड एकदम खाली टाका आणि दोरी पूर्ण सैल सोडा. जिग छान फडफडेल, पण त्या क्षणी त्याला कोणी तोंड लावलं तर तुम्हाला कळणारही नाही. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची आहे : रॉडचं टोक जिगच्या वेगानेच खाली येतं, दोरीला पोट पडत नाही, पण ती तारेसारखी ताठही नसते. जिग आडवं राहून पडतंय आणि पातं फिरतंय असं दिसलं की हात लक्षात ठेवेपर्यंत तेच करत राहा. मग डोळे मिटून करा. शेजारी बायको-मुलं असतील तर हसतील, हसू द्या.

तळ आणि मोजणी

खोल पाण्यावर आलात की रॉडचं टोक पाण्यापासून वीतभर उंच ठेवा, रीलचा खटका सोडा, आणि स्पूलवर, म्हणजे दोरीच्या फिरकीवर, अंगठा हलका टेकवून जिग जाऊ द्या. जाताना मनात मोजा. माझ्या नेहमीच्या जिगला पंचवीस फुटांसाठी सात-आठ आकडे लागतात. तुमच्या जिगचा आकडा तुम्ही काढा.

हे मोजणं लहान पोरांचा चाळा वाटेल. पण आठला तळ लागणारं जिग पाचलाच थांबलं तर तो तळ नाही, मासा आहे. खटका लावा आणि मारा, म्हणजे रॉड झटक्यात वर उचलून गळ रुतवा. पहिल्या वर्षी माझे दोन मासे असेच गेले. 'इथे उथळ असेल' म्हणत मी थांबलो, तोवर दोरी पुन्हा चालू लागली होती.

तळ लागला की दोरी सैल होते. दीड-दोन फूट वर उचला. तळावर आपटत राहिलात तर जिग खडकांत अडकेल, आणि मस्की तशीही तळ हुंगत फिरणारी नाही. तिचे डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला असतात, आपल्या वरचं तिला चांगलं दिसतं. जिग तिच्या पातळीवर किंवा थोडं वर हवं, खाली कधीच नको. खोली बदलत असते, म्हणून दर पाच-सहा उचलींनी एकदा तळ चाचपून घ्या.

होडी : खरं कसब इथे आहे

हात सगळ्यांचे दोन दिवसांत बसतात. होडी बसायला हंगाम जातो.

नदीत पाण्याचा वरचा थर खालच्यापेक्षा वेगाने वाहतो. होडी नुसती सोडून दिली तर ती वरच्या थराबरोबर पुढे जाते, तळाजवळचं जिग मागे रेंगाळतं आणि दोरी वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाच्या उगमाकडे झुकते. तिरक्या दोरीवर तुम्ही रॉड उचलला की जिग उभं उठत नाही, ओढलं जातं. पडण्यावरचा ताबा संपला. त्यात वारा प्रवाहाच्या उलट असेल तर होडीच मागे राहते आणि दोरी पुढे झुकते.

यावर मला सापडलेला नियम एका ओळीचा आहे : दोरी जिकडे झुकेल तिकडे ट्रोलिंग मोटरचं (होडी हळू सरकवणाऱ्या छोट्या विजेच्या मोटरचं) तोंड. दोरी उगमाकडे झुकली तर मोटर उगमाकडे वळवून हळूच चालवा, होडी मंदावेल आणि दोरी उभी होईल. पुढे झुकली तर पुढे. जोर कमी आणि वारंवार द्या. एकदम जोर दिलात की दोरी दुसरीकडे पळते आणि तुम्ही तिच्यामागे गोल गोल फिरत बसता. उभ्या रेषेपासून पंधरा-वीस अंशांपर्यंतचा कल मी सोडून देतो. त्याहून जास्त झाला की जिग वर घेऊन पुन्हा सोडतो.

होडी एका जागी खिळवणारी जीपीएसची सोय आता बऱ्याच मोटरांत असते. सरोवरात ती फार कामाची, नदीत कमी. प्रवाहात होडी खिळली की दोरी प्रवाहाबरोबर खाली वाहते. नदीत पाण्याबरोबर सरकत जायचं, वीस-तीस मीटर खाली गेल्यावर फिरून पुन्हा वर यायचं. नांगर टाकून बसणारेही दिसतात. ते मासे पकडतात की थर्मास रिकामा करतात, हे मला अजून कळलेलं नाही.

उचल आणि पड

टोक पाण्याजवळून सुरू करा. मनगटाने नाही, कोपर आणि खांद्याने दोन-अडीच फूट झटक्यात उचला. वर क्षणभरही थांबू नका, लगेच जिगच्या वेगाने टोक खाली आणा. खाली आल्यावर दोन-तीन आकडे लटकू द्या. पुन्हा उचल.

पाणी ४५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की उचल फूटभरावर आणा आणि लटकण्याचा वेळ वाढवा. मध्येच एक उंच उचल द्या, लांबून लक्ष वेधायला. पण सगळं एकाच तालात करत राहू नका, आणि दर उचलीत नवा प्रयोगही करू नका. दहा-बारा उचली एका पद्धतीने झाल्या की मग बदला. नाहीतर मासा लागला तरी तो कशाने लागला ते कळत नाही.

एवढं वजन दिवसभरात शेकडो वेळा उचलायचं असतं. मनगट वापरलंत तर सोमवारी ऑफिसात माउस धरवणार नाही. दर अर्ध्या तासाने हात बदला.

सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, वापरत असाल तर त्याचा ट्रान्सड्यूसर (लहरी सोडणारा भाग) ट्रोलिंग मोटरवर असावा आणि रॉडचं टोक त्याच्या अगदी जवळ. त्याच्या लहरी शंकूसारख्या खाली पसरतात, आणि वीस अंशांचा शंकू तीस फुटांवर साडेदहा फूट रुंद असतो. जिग त्यात राहिलं तर पडद्यावर त्याची वरखाली होणारी रेघ दिसते आणि खालून येणारी जाड रेघही. मासा उठून येतोय असं दिसलं तर जिग त्याच्यापासून हळूच वर न्या, थांबवू नका. पळणाऱ्या भक्ष्यामागे तो येतो. गार्मिन कंपनीचं लाइव्हस्कोप, म्हणजे पाण्याखालची हालचाल त्या क्षणी दाखवणारं सोनार, २०१८ साली आल्यापासून काही जण समोरचा मासा आधी बघतात आणि मगच गरी सोडतात. त्यावरून इथे पुष्कळ भांडणं आहेत. मी ते घेतलेलं नाही. मला खाली काय आहे ते बोटाला कळायला हवं आहे. हा माझा हट्ट आहे, नियम नाही.

जिग वर घेताना शेवटचे सहा-सात फूट हळू आणा. मागोमाग आलेली मस्की होडीखाली दिसते. तेव्हा जिग बाहेर काढू नका, तिथेच पुन्हा चार फूट पडू द्या.

लागली हे कसं ओळखायचं

जोरात धक्का बसेल याची वाट बघू नका. बहुतेक वेळा एवढंच होतं : पडताना 'टक्' असा बारीक ठोका, किंवा जिगचं वजन अचानक नाहीसं होणं, कारण मासा ते घेऊन वर येतो. कधी दोरी आपली आपण बाजूला सरकते, तर कधी पुढची उचल ओली गोणी उचलल्यासारखी जड लागते. यातलं काहीही झालं तरी लगेच, पूर्ण ताकदीने रॉड वर. वजन नाहीसं झालं असेल तर आधी दोन-तीन वेटोळी भरभर गुंडाळा, मग मारा. दहातले सात झटके फुकट जातील, ते चालेल.

गळ लागल्यावर थंड पाण्यातली मस्की सुसाट पळत नाही, खालीच डोकं झटकत राहते. रॉड वाकलेला ठेवा, दोरी क्षणभरही सैल सोडू नका. मासा होडीखाली गेला तर रॉड होडीच्या काठावर टेकू देऊ नका, मोडतो. टोक पाण्यात घाला आणि होडीच्या नाकावरून वळसा घालून दुसऱ्या बाजूला या. जाळं डोक्याच्या बाजूने. शेपटीकडून जाळं घालणं म्हणजे 'जा बाई' म्हणणंच झालं.

परत सोडताना

मासा होडीत घ्यायचा नाही, जाळ्यातच आणि पाण्यातच ठेवायचा. म्हणून जाळं मोठं, खोल आणि रबराचा थर दिलेलं हवं. लांब चिमटा, जबडा उघडा ठेवायचं साधन आणि गळ तोडायचा छोटा बोल्टकटर हाताशी ठेवा. गळ खोल गेला असेल तर ओढाताण करू नका, तोडून टाका. गळ स्वस्त असतो. ५० इंची मादी व्हायला पंधरा वर्षं किंवा जास्त लागतात.

फोटोसाठी मासा आडवा धरा, एक हात पोटाखाली, दुसरा गालफडाखालच्या पडद्यात, कल्ल्यांना न लागता. नुसतं गालफड धरून उभा लटकवू नका. श्वास रोखून धरा आणि तुम्हाला हवा घ्यावीशी वाटली की मासा पाण्यात सोडा. पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे २७ सेल्सिअसच्या वर गेलं असेल तर मस्कीच्या मागे जायचंच नाही. मासा छान पोहत गेला तरी नंतर मरू शकतो. फार खोलातल्या माशांवरही मी गरी सोडत नाही. तीस-पस्तीस फूट ही माझी मर्यादा.

नियम दर हंगामाला वाचा. मिशिगनमध्ये मस्की ठेवायची तर किमान लांबी ४२ इंच, एका परवाना-वर्षात एकच मासा, आणि २४ तासांत नोंद करावी लागते. मिनेसोटात ही मर्यादा ५४ इंच आहे. डेट्रॉइट नदीच्या मधोमध देशाची सीमा जाते. पलीकडच्या पाण्यात गरी सोडायची तर कॅनडातल्या ऑन्टारिओचा परवाना हवा.

लाइफ जॅकेट नोव्हेंबरात अंगावरच हवं, बाकाखाली नाही. त्या पाण्यात पडल्यावर काही मिनिटांतच बोटं वळेनाशी होतात, आणि जॅकेटची पट्टी तेव्हा लागत नाही. जहाजांच्या वाटेत हजार-हजार फुटांची मालवाहू जहाजं येतात. आवाज उशिरा येतो, लाट त्याहून उशिरा. जहाज दिसलं की गरी वर घ्या आणि बाजूला व्हा.

मस्की सोडताना शेपटीचा बुंधा धरून तिला पाण्यात सरळ ठेवा. ती स्वतःच ओढ घेईपर्यंत हात काढू नका. ती गेली की लगेच पुन्हा गरी सोडू नका. लीडरवरून नख फिरवा, दातांची खरबड लागली तर बदला. गळाची टोकं पुन्हा बघा. होडी वळवून त्याच कडेच्या वरच्या अंगाला न्या, दोरी उभी करा आणि मोजायला लागा.